घरातल्या कॅमेऱ्याचं चित्रण घराबाहेर जाऊच का द्यायचं?

पागोळी (ठाणे)

चिपळूणच्या घरी आई-बाबा दोघंच असतात. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हॉलमध्ये एक आणि मागच्या पडवीत एक असे दोन कॅमेरे लावलेत. दोन्ही कॅमेऱ्यांना इंटरनेटवर जायला पूर्ण बंदी आहे. चित्रण घरातल्याच एका छोट्या संगणकावर साठतं आणि ठाण्याहून बघायचं तर मला त्या घराच्या राउटरपर्यंत स्वतःच्या डिजिटल किल्लीने यावं लागतं. मध्ये कुठलीही कॅमेरा कंपनी नाही. ज्यांना राउटरची सेटिंग्ज उघडता येतात त्यांनी तरी आपल्या घरी हे करायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

नेहमीची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. दोन-अडीच हजारांचा वायफाय कॅमेरा आणायचा, त्यावरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन करायचा, अ‍ॅपमध्ये खातं काढायचं. पाच मिनिटांत चित्र दिसतं. पण आई हॉलमध्ये बसून भाजी निवडतेय, बाबा पंचा गुंडाळून पेपर वाचताहेत, शेजारच्या काकू येऊन त्यांच्या सुनेबद्दल बोलताहेत, हे सगळं आता आवाजासकट कुणाच्या तरी सर्व्हरवर आहे आणि त्या सर्व्हरची किल्ली आपल्याकडे नाही.

हा नुसता संशय नाही. अ‍ॅमेझॉनच्या रिंग या कॅमेरा कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२३ साली कारवाई केली. कंपनीचे कर्मचारी ग्राहकांचं खासगी चित्रण बघू शकत होते, आणि एकाने बायकांच्या बेडरूम-बाथरूममधल्या कॅमेऱ्यांचे हजारो व्हिडिओ पाहिल्याचं त्या तक्रारीत आहे. प्रकरण ५८ लाख डॉलर भरून मिटलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ या कॅमेरा कंपनीच्या यंत्रणेत गडबड होऊन साधारण १३ हजार ग्राहकांना दुसऱ्याच कुणाच्या घरातली चित्रं दिसली. युफी या कॅमेरा कंपनीचं मला सगळ्यांत जास्त लागलं. ‘सगळं घरातच साठतं’ हीच त्यांची जाहिरात होती, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये उघड झालं की सूचनेसोबतची छोटी चित्रं क्लाउडवर (म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर) जात होती. म्हणजे डब्यावर काय छापलंय यावर भरवसा ठेवण्यातही अर्थ नाही. कॅमेरा बाहेर जातच नाही, हे आपण आपल्या राउटरवर बघितलं तरच खरं.

आमच्याकडची रचना अशी. आरटीएसपी आणि ऑनव्हिफ, म्हणजे कंपनीला मध्ये न घेता कॅमेऱ्याचं चित्र थेट घ्यायच्या सामायिक पद्धती, देणारे कॅमेरे घेतले (दुकानात हे आधी विचारा, फक्त अ‍ॅपवर चालणारा कॅमेरा इथे कामाचा नाही). एका मिनी पीसीवर फ्रिगेट हे चित्रण साठवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आणि मुक्तस्रोत आहे, आणि चित्रात माणूस आहे की कुत्रं हे घरातल्या घरातच ओळखतं. कॅमेऱ्यांच्या आयपींना (नेटवर्कवरच्या पत्त्यांना) राउटरवर बाहेर जायला मज्जाव. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: इंटरनेट तोडलं की कॅमेऱ्याचं घड्याळ हळूहळू भरकटतं, म्हणून त्याला वेळ राउटरकडून घ्यायला लावायचं. बाहेरून बघायला वायरगार्ड, म्हणजे किल्लीने घरच्या नेटवर्कमध्ये यायची कुलूपबंद वाट (व्हीपीएन). राउटरचं एकही पोर्ट (आत यायचं दार) जगाला उघडं दिसेल अशा तऱ्हेने कॅमेऱ्याकडे वळवलेलं नाही.

खर्च म्हणाल तर मिनी पीसी साधारण १५ वॅट खातो, म्हणजे महिन्याला ११ युनिटच्या आत. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसने चालला तर दिवसाला २१-२२ जीबी होतात. दोन कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क तीन आठवडे पुरते. क्लाउडची मासिक वर्गणी नाही.

तारजोडणी (नाशिक)

माझा सीसीटीव्ही बसवायचाच धंदा आहे, म्हणून बोलतो. पागोळी, तुम्ही सांगताय ते चूक नाही, पण ते तुमच्या घरापुरतं. माझं गिऱ्हाईक केबल ओढून झाली की एकच विचारतं, ‘मोबाइलवर दिसतंय ना?’ त्याला वायरगार्ड सांगितलं तर तो पुढच्या दुकानात जाईल. फोन बदलला की रात्री दहाला मला कॉल येतो, ‘कॅमेरा गेला’. कॅमेरा कुठे जात नाही, पासवर्ड विसरलेला असतो. अ‍ॅप असलं की ओटीपीवर पाच मिनिटांत काम होतं. तुमच्या मिनी पीसीपुढे मी त्याला फोनवरून काय करायला सांगू?

दुसरी गोष्ट चोरीची. आजकाल चोर घरात शिरला की टीव्हीखाली, कपाटावर, जिन्याखाली डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) शोधतो आणि वायरी तोडून घेऊन जातो. तशी घरं मी बघितली आहेत. भिंतीवर कॅमेरे सगळे शाबूत आणि फुटेज शून्य. अशा वेळी क्लाउडवर गेलेली दहा सेकंदांची क्लिपच पोलिसांना दाखवता येते. चित्रण घरातच ठेवणार असाल तर चोरासाठीही ते घरातच आहे.

आणि तुम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरची कुठली हार्ड डिस्क वाचली असती?

पारिजातक (सांगली)

२०१९ ला आमच्याकडेही हेच. पाणी उतरल्यावर घरात राहिला तो नुसता चिखल.

उत्तरायण (पुणे)

सर्व्हर सांभाळणं हीच माझी नोकरी आहे, आणि तरीही मी पागोळींच्या विरुद्ध बाजूला आहे. ‘आपलं आपल्याकडे’ म्हणजे सुरक्षित, हे गृहीतकच मला मान्य नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन वेबसाइटींचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला चढवला आणि अर्ध्या दिवसासाठी मोठमोठ्या वेबसाइटी बंद पडल्या. ते कॅमेरे लोकांच्या स्वतःच्या घरातलेच होते, कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजन या कंपनीच्या कॅमेऱ्यांत अशी फट सापडली की पासवर्डशिवायच कॅमेऱ्यावर हुकूम चालवता येत होता. तिची तीव्रता १० पैकी ९.८ धरली गेली. कंपनीने दुरुस्ती काढली, पण ती घरोघरी जाऊन लावणार कोण? राजकोटच्या प्रसूतिगृहाचं प्रकरण आठवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तपासणीच्या वेळचं बायकांचं चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला ठेवलेलं निघालं. अटक झालेल्यांत आपल्या लातूर आणि सांगलीकडचे लोक होते. पुढे बातम्यांत आलं की त्या यंत्रणेचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन१२३’ होता. तिथे कुठल्या क्लाउड कंपनीने दगा दिलेला नाही. यंत्रणा त्यांचीच, त्यांच्याच इमारतीत, आणि सांभाळायला कुणी नाही.

तुमच्याच फ्रिगेटचं घ्या. त्याचं ५००० नंबरचं पोर्ट विनापासवर्ड असतं, लॉगिनवालं ८९७१ वेगळं. माहितीपत्रक नीट वाचणाऱ्याला हे ठाऊक असतं. व्हिडिओ बघून घाईघाईत बसवणारा पहिलंच पोर्ट जगाला उघडं करून ठेवतो. मोठ्या कंपनीत निदान रात्रपाळीला कुणीतरी जागं असतं, फट सापडली की सगळ्या कॅमेऱ्यांवर अपडेट जातं. शंभर घरांना तुम्ही हा सल्ला दिलात तर पाच घरं ते तुमच्यासारखं करतील आणि उरलेल्यांचं आधी होतं त्याहून वाईट होईल. सल्ला देणाऱ्याने त्या उरलेल्यांचा विचार करायला हवा.

पागोळी (ठाणे)

तारजोडणी, चोरीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि त्याला उपाय आहे. आमचा मिनी पीसी माळ्यावर आहे, टीव्हीखाली नाही. माणूस दिसल्याच्या क्लिपा तेवढ्या लगेच कुलूपबंद होऊन ठाण्याच्या घरच्या डिस्कवर येतात. पूर्ण चित्रण पाठवायची गरजच नाही, क्लिपांना अपलोडचा साधा वेग पुरतो. प्रत घराबाहेर आहे, पण किल्ली माझ्याकडेच. उद्या मी हीच प्रत एखाद्या क्लाउडवर ठेवली तरी हरकत नाही, कारण चित्रण इथूनच कुलूप लावून गेलेलं असेल. माझं भांडण क्लाउडच्या जागेशी नाही. त्यांना माझं चित्रण उघडून बघता येतं, याच्याशी आहे. पुराचं उत्तरही हेच.

उत्तरायण, तुमची सगळी उदाहरणं खरी आहेत, पण त्या सगळ्यांत यंत्र थेट इंटरनेटला उघडं होतं. मिराई असो, राजकोट असो. मी नेमकं तेच करू नका म्हणतोय. कॅमेऱ्याला बाहेरचं जग दिसत नाही आणि बाहेरच्या जगाला कॅमेरा दिसत नाही. अशा कॅमेऱ्यात फट असली तरी तिच्यापर्यंत पोचायला आधी माझ्या घरच्या नेटवर्कमध्ये शिरावं लागेल. वायरगार्ड तर चुकीच्या किल्लीला उत्तरच देत नाही, पोर्ट शोधत फिरणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही.

आणि कंपनीत रात्रपाळीला जागा असलेला माणूस कोण आहे, हेही मला माहीत नाही. रिंगच्या प्रकरणात चित्रण बघणारा आतलाच होता.

उत्तरायण (पुणे)

वायरगार्डला बाहेरून पोचायला घराला सार्वजनिक पत्ता लागतो. बऱ्याच घरगुती जोडण्या आता सीजी-नॅटच्या मागे आहेत, एका आयपी पत्त्यामागे कितीतरी घरं. मग तुम्ही काय करता? टेलस्केल, ती दोन यंत्रं परस्पर जोडून देणारी सेवा? ती कंपनीच झाली की. भाड्याचा सर्व्हर? तोही दुसऱ्याचाच.

पागोळी (ठाणे)

आमच्या जोडणीला आयपीव्ही६चा, म्हणजे नव्या प्रकारचा, सार्वजनिक पत्ता मिळतो, त्यावर भागतं. ज्यांना मिळत नाही त्यांनी टेलस्केल खुशाल वापरावं. तिथे चित्रण त्यांच्या रिलेवरून (मधल्या सर्व्हरवरून) गेलं तरी किल्ल्या दोन्ही टोकांच्या यंत्रांवरच असतात. कोण कुणाशी कधी जोडलं गेलं हे त्यांना कळतं, हॉलमध्ये काय चाललंय हे कळत नाही. हा फरक मला पुरेसा आहे. तुम्हाला नसेल तर दरमहा थोडे पैसे भरून स्थिर आयपी घ्या.

पारिजातक (सांगली)

तुम्ही सगळे यंत्रांबद्दल बोलताय. मी त्या कॅमेऱ्यासमोर बसणारी बाई आहे, वय ७१, म्हणून थोडं माझंही ऐका.

माझ्या मुलाने बेंगळुरूहून येऊन हॉलमध्ये कॅमेरा लावला. काळजीपोटीच लावला, त्यात शंका नाही. पण दुपारी चटई टाकून आडवं व्हायचं तर मी आता आतल्या खोलीत जाते. पातळाचा पदर सारखा सावरते. आमच्याकडे कामाला येणारी मावशी फरशी पुसताना कॅमेऱ्याकडे पाठ करून बसते. ती माझ्यासमोर कधी अशी बसली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, ‘दादा बघतात ना’. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मलाही नाही.

आता तुम्ही सांगा, ते चित्रण परदेशातल्या सर्व्हरवर न जाता माझ्या माळ्यावर राहिलं, तर माझ्यासाठी काय बदललं? बघणारा तोच आहे. उलट परक्या कंपनीतल्या माणसाला मी कोण हे ठाऊक तरी नाही. मुलगा मात्र रात्री फोनवर विचारतो, ‘आज औषध उशिरा घेतलंस का?’ पागोळी, तुमच्या पहिल्याच लिहिण्यात ‘सुनेबद्दल बोलताहेत’ असं आलंय. म्हणजे ते तुम्ही ऐकलंत. त्या शेजारणीला हे माहीत आहे का?

कलमकागद (कोल्हापूर)

वकिली करतो. पारिजातक यांच्या मुद्द्याला कायद्याची जोड देतो.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ माणसाने स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही, तशी सूट कलम ३ मध्ये आहे. त्यामुळे क्लाउड कंपनीवर तो कायदा काही जबाबदाऱ्या टाकतो (त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या आहेत). स्वतःच्या माळ्यावर चित्रण ठेवणाऱ्या मुलावर त्या येत नाहीत. म्हणून घरातल्या घरात चित्रण ठेवणाऱ्याने जास्त जपून वागायला हवं, कारण तिथे विचारणारं दुसरं कोणी नाही.

पण सगळं मोकळं रान आहे असंही नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात सांगितलं. २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, घराच्या राहत्या भागात दुसऱ्या रहिवाशाच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवता येणार नाहीत असं ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. कपडे बदलण्यासारख्या खासगी क्षणांचं चित्रण तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा ठरू शकतं.

पुराव्याचंही सांगतो, कारण वर पोलिसांचा उल्लेख झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. फुटेज न्यायालयात द्यायचं तर प्रमाणपत्र लागतं. त्याचा पहिला भाग यंत्र ताब्यात असलेल्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ठसा) नोंदवायचं. पागोळी घड्याळाबद्दल बोलले ते म्हणूनही महत्त्वाचं. वेळ चुकलेली असेल तर समोरचा वकील पहिला प्रश्न तिथेच विचारतो. स्वतः सांभाळलेल्या यंत्रणेत मूळ फाइल आणि तिचा इतिहास आपल्या हाताशी असतो. अ‍ॅपवरून उतरवलेल्या क्लिपेबद्दल तेवढ्या खात्रीने सांगता येत नाही. एवढ्या बाबतीत मी पागोळींच्या बाजूचा.

राईनकाठ (कोलोन)

इथे युरोपात घरगुती वापराला अशी सरसकट सूट मिळत नाही. चेकियातल्या एका माणसाच्या घरावर हल्ले होत होते, म्हणून त्याने कॅमेरा लावला. त्यात समोरचा रस्ता आणि पलीकडच्या घराचं दारही यायचं. डिसेंबर २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की रस्ता टिपला जात असेल तर तो निव्वळ घरगुती वापर नव्हे. चित्रण त्याच्या स्वतःच्याच हार्ड डिस्कवर होतं! साठवण कुठे आहे याने तिथे काही फरक पडला नाही. मी दाराचा कॅमेरा लावला तेव्हा पायवाट चित्रात येऊ नये म्हणून तेवढा भाग काळा करून टाकला. फ्रिगेटमध्ये नुसता ‘मास्क’ लावून हे होत नाही, तो फक्त हालचाल ओळखण्यापुरता असतो. चित्रच काळं करायचं तर कॅमेऱ्यातली प्रायव्हसी मास्कची सोय वापरा.

तारजोडणी (नाशिक)

कॅमेऱ्यात ती सोय असते, पण आमच्याकडे ती कोणी मागत नाही. उलट ‘समोरच्याचं गेटपण येऊ द्या’ म्हणतात.

आणि एक. ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सरकारी चाचणीचा नियम लागू झालाय. त्यामुळे स्वस्तातला बेनावाचा माल आता जपून घ्या.

पागोळी (ठाणे)

पारिजातक, तुम्ही विचारलंत त्याला सरळ उत्तर देतो. शेजारच्या काकूंना कॅमेरा माहीत आहे. दारातच पाटी आहे आणि आईने त्यांना सांगितलंय. पण आवाज टिपला जातो हे त्यांना ठाऊक आहे असं मी म्हणू शकत नाही. हॉलच्या कॅमेऱ्याचा माइक आज बंद केला. पडलं-झडलं कळायला आवाज लागत नाही.

‘बघणारा तोच’ हे तुमचं म्हणणं मी टाळत नाही. परकी नजर आणि मुलाची नजर हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिला सुटला म्हणून दुसरा आपोआप सुटत नाही. पण यंत्रणा आपल्या हातात असली की दुसऱ्या प्रश्नासाठीही काही करता येतं; कंपनीच्या अ‍ॅपमध्ये कंपनी देईल तेवढंच मिळतं. आमच्याकडे हॉलच्या कॅमेऱ्याची वायर एका साध्या बटणावरून जाते. ते बटण आईच्या हाताशी आहे, पंख्याच्या बटणाशेजारी. ती दुपारी जेवणं झाली की बंद करते, चहाच्या वेळी लावते, आणि का बंद केला हे मी विचारत नाही असं आमचं ठरलंय. हॉलचं चित्रण तीन दिवसांत पुसलं जातं, पडवीचं तीन आठवडे राहतं. मी थेट चित्र उघडलं की हॉलमध्ये एक लहान दिवा लागतो. तो होम असिस्टंट या घरातली उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून जोडलाय. मी बघतोय हे त्यांना दिसतं.

पारिजातक (सांगली)

दिव्याचं मला आवडलं. बटणाचं त्याहून जास्त. मुलाला हे वाचायला पाठवते. मावशीला मात्र मीच विचारीन, तिचं उत्तर तिच्याकडूनच यायला हवं.

उत्तरायण (पुणे)

बटण, दिवा, तीन दिवसांत पुसणं, सगळं उत्तम. तरी माझं म्हणणं कायम आहे. हे सगळं एका माणसावर उभं आहे. पागोळी, तुम्ही आजारी पडलात किंवा वर्षभर परदेशी गेलात, तर मिनी पीसीचे अपडेट कोण करणार? डिस्क भरली, वीज ये-जा करून फाइल सिस्टिम बिघडली, तर आई-बाबा कुणाला बोलावणार? तारजोडणींना बोलावून उपयोग नाही, ते स्वतःच सांगतात.

तारजोडणी (नाशिक)

उपयोग नाही असं नाही. कोणी लेखी मागितलं तर मी करून देईन, पण वर्षाच्या देखभालीचे पैसे वेगळे घेईन, कारण दर दोन-तीन महिन्यांनी जावं लागेल. आणि ज्यांना हे नको त्यांच्यासाठी निदान एवढं: अ‍ॅपमधलं खातं कॅमेरेवाल्याच्या नंबरवर काढू देऊ नका. आमच्या धंद्यात सर्रास चालतं हे, शंभर गिऱ्हाइकांची घरं एकाच फोनमध्ये. खातं स्वतःच्या नंबरवर काढायला लावा, पासवर्ड स्वतः टाइप करा, आणि काम झाल्यावर ‘शेअर्ड युजर’मध्ये कोण कोण आहे ते बघा. मी हल्ली ते गिऱ्हाइकासमोरच दाखवतो.

पागोळी (ठाणे)

उत्तरायण, दुसरी किल्ली डोंबिवलीला बहिणीकडे आहे. मांडणी कशी आहे आणि काय बिघडलं तर काय करायचं हे मराठीत लिहून त्या कागदाची एक प्रत तिच्याकडे आणि एक चिपळूणच्या कपाटात ठेवली आहे. मिनी पीसी, राउटर आणि कॅमेऱ्यांचा स्विच एका छोट्या यूपीएसवर आहेत, वीज गेली की पीसी स्वतःहून नीट बंद होतो. तो कायमचाच बंद पडला तर दोन्ही कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड आहेत, त्यांवर तेवढ्यापुरतं चित्रण होत राहतं. तरीही हे दोन माणसांवरच उभं आहे, हे खरं. तारजोडणी, चिपळूणकडे अशी देखभाल घेणारा तुमच्या ओळखीचा कोणी असेल तर कळवा, पैसे द्यायची तयारी आहे.